भोंगा आणि नऊ डोकावे

छापखान्याच्या हजेरीपटावर त्याचं एक रीतसर नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी सगळे त्याला भोंगा म्हणायचे. छपाईचं मोठं मशीन सुरू असलं की शेजारच्या माणसाशी बोलायलाही घसा ताणावा लागतो, आणि हा गडी तीस वर्षं घसा ताणत आला होता. आधी तो आवाज कामावरच राहायचा, मग हळूहळू त्याच्याबरोबर घरी यायला लागला. उजवा कान केव्हाच कामातून गेला होता, त्यामुळे स्वतःचा आवाज त्याला अगदी बेताचा वाटे. "मी कुठे ओरडतोय?" हे तो इतक्या जोरात विचारायचा की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागायचा.

चालणंही तसंच. जाड तळव्याचे बूट घालून सिमेंटच्या फरशीवर वावरलेला माणूस, घरात अनवाणी चालला तरी टाचा आपटायच्या. मनानं मात्र लोणी. कुणाचं काही दुखलं-खुपलं की सगळ्यात आधी हा धावायचा. फक्त तो धावत आला की दुखणाऱ्याचं आधी डोकं दुखायला लागायचं.

अशा माणसानं जीव लावला तो अशा माशांना, की जे सावली हलली तरी जमिनीत जातात. त्याला कारण एक कॅलेंडर. कुठल्याशा कंपनीचं काम आलं होतं, बारा पानांवर बारा चित्रं, सगळी समुद्राखालची. मे महिन्याच्या पानावर पांढऱ्या वाळूत पेन्सिलीएवढे बारीक मासे उभे होते. हो, उभे. शेपटी वाळूत रुतलेली, धड वर, माना वाकवून सगळे एकाच दिशेला बघत असलेले, वाफ्यात रोपं डोलावीत तसे. त्या पानाचे रंग काही जुळेनात, निळा केसभर सरकत होता. भोंगा अख्खा दिवस भिंग लावून त्या पानावर वाकून बसला. संध्याकाळी निळा जागेवर आला, पण भोंगा जागेवर राहिला नाही. रद्दीतलं एक पान घडी करून तो घरी घेऊन गेला.

"हे बघ! हे मासे आहेत! ईल म्हणतात यांना!"

"बरं," बायको म्हणाली. "हात धुवा आधी. शाई लागलीये दाराला."

त्यानंतर पुढच्या खोलीत काचेची टाकी आली. रुंद, उंच, खिडकीसमोरची अर्धी भिंत खाणारी. पहिलं वर्षभर तिच्यात एकही मासा नव्हता. खारं पाणी, तळाला वीतभर वाळू आणि त्या वाळूत लावलेलं समुद्रातलं गवत, बस्स. येणारा-जाणारा विचारायचा, "मासे कुठायत?" भोंगा सांगायचा, "आधी गवत!" गवत तीन महिने रुसून बसलं होतं. पाती पिवळी पडली, गळाली, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर एके दिवशी वाळूतून हिरवं टोक वर आलं. त्या दिवशी त्यानं छापखान्यात सगळ्या पाळीला चहा पाजला. कशाबद्दल, ते ऐकून दोघांनी तो परत करायची तयारी दाखवली.

कामात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ईलांना वाहतं पाणी लागतं, कारण ते घर सोडत नाहीत, वाहत येईल तो घास टिपतात. सोबतीला आणायच्या समुद्रघोड्यांना पोहण्याचा आळस, त्यांना संथ पाणी हवं. भोंग्यानं डाव्या अंगाला जोराचा प्रवाह ठेवला आणि उजव्या अंगाला दाट गवताच्या आडोशाला तो मोडला. पंपाला डावा कान लावून तो सांगायचा, "याला कचरा लागलाय," आणि उघडून बघितलं की कचरा निघायचाच.

घोडे आधी आले, चार. कुणाच्या तरी टाकीतच जन्मलेले, त्यामुळे माणसाला न बुजणारे. गवताच्या पात्याला शेपटीची आढी घालून ते तासन् तास लटकायचे. समोर कोळंबीचं बारीकसं पिल्लू आलं तर आधी ते वाचल्यासारखं नीट बघायचे, मग चट्कन ओढून घ्यायचे. भोंग्यानं हात पाण्यात घातला की एखादा येऊन त्याच्या करंगळीला शेपटी गुंडाळायचा आणि काही केल्या सोडायचा नाही. अशा वेळी भोंगा तिथंच ओणवा उभा राही, दूध उतू गेलं तरी. छापखान्यात बातमी पसरली, "भोंग्यानं पाणघोडे पाळलेत म्हणे!" मग त्यांच्यात पोर नर जन्माला घालतो हे कळल्यावर तर विचारूच नका. महिनाभर ज्यानं त्यानं भोंग्याच्या पोटाकडे बघून चौकशी केली.

मग ईल आले, नऊ. सोडल्या सोडल्या शेपटीकडून वाळूत शिरले, आणि भोंग्यापुरते जे शिरले ते शिरलेच.

त्यांनी दर्शन दिलं ते बायकोला. ती एका शिंप्याच्या दुकानाची काज-बटणं घरी आणून करायची. घरातला सगळ्यात चांगला उजेड टाकीवरच्या दिव्याचा, म्हणून ती तिथं बुटकं स्टूल टाकून दुपारभर शिवत बसे. माशांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तो कामावरून आला तेव्हा ती सहज म्हणाली, "आज पाच होते."

"काय पाच?"

"तुमचे ते. पाच जण डोकावले. मग सहावा आला, पण तेवढ्यात तुम्ही जिन्यात आलात."

तो दुसऱ्या मजल्यावर असतानाच ते त्याची पावलं ओळखायचे. दार उघडेपर्यंत टाकीत नुसती वाळू आणि वाळूला नऊ भोकं. नाव तिनंच दिलं, डोकावे. दोन वर्षांत भोंग्यानं पाहिलेलं म्हणजे आत जाणारं एखादं टाळकं. पडद्याआडून बघून झालं, आरशातून बघून झालं, पोटावर सरपटत येऊन झालं. पाच मिनिटं दम धरायचा, सहाव्या मिनिटाला "दिसला!" म्हणून ओरडायचा, की खेळ खलास.

"पाणी मी बदलतो, घास मी कालवतो, आणि बघायला तू?"

"मी कुठे बोलावते? आपापले येतात."

त्याला खरोखर हेवा वाटायचा. पन्नाशी उलटलेला माणूस बायकोचा हेवा करतो, तेही नऊ काडीएवढ्या जिवांवरून. पण वाटायचा, त्याला इलाज नव्हता.

मग बायकोचे गुडघे बदलायचं ठरलं. गुडघे पार झिजलेले निघाले. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" तेव्हा भोंगा खोलीभर आवाजात म्हणाला, "अहो, ही बोललीच नाही!" ती खाली बघत पिशवीचा बंद नीट करत राहिली.

घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. ऑपरेशननंतर सहा आठवडे तिनं धाकट्या बहिणीकडे राहायचं ठरलं, तिचं घर तळमजल्यावर होतं. भोंग्यानं साठलेली सगळी रजा टाकली. रोज सकाळी तो तिकडे जाऊन बसायचा आणि दुपारपर्यंत मेहुणीच्या घराच्या भिंती हादरवायचा. चौथ्या दिवशी मेहुणीनं हात जोडले. "भाऊजी, तिला जरा निजू द्या. तुम्ही आठवड्यातून एकदा या, एरवी फोन करा ना." बायकोनं पण मान हलवली आणि म्हणाली, "माझं होतंय सगळं. तुम्ही डोकाव्यांकडे बघा. मी घरी येईन तेव्हा मला नऊच्या नऊ हवेत."

नऊच्या नऊ. भोंग्यानं छातीवर हात ठेवून कबूल केलं.

घरी येऊन त्यानं पहिलं काम काय केलं, तर टाकी चकाचक केली. काच घासली, स्टूल उचलून ठेवलं. टाकीवर दोऱ्यानं बांधलेली एक बाटली होती, तिच्यातून निघालेली बारीक नळी, आणि नळीला बायकोची केसांची नारिंगी क्लिप लावलेली. "काय काय टांगून ठेवते!" म्हणून त्यानं ते सगळं काढून खणात टाकलं. मग छान कोळंबी कालवून पळीभर पाण्यात ओतली आणि दाराआड जाऊन उभा राहिला. पाच मिनिटं दम, सहाव्या मिनिटाला डोकं आत. भोकं, फक्त भोकं.

आठवडा गेला. आधी त्याला वाटलं, आपण बाहेर गेलो की खात असतील. मग घोड्यांची पोटं टम्म दिसायला लागली आणि गवताच्या बुडाशी उरलेलं खाणं कुजून पांढरी बुरशी धरायला लागली. पाणी तपासलं तर बिघडलेलं. म्हणजे नऊ जणांच्या वाट्याचं चौघं खात होते आणि उरलेलं वाळूवर सडत होतं. डोकाव्यांच्या पोटात काहीच जात नव्हतं.  पाणी बदललं, घास बदलला. त्यांची समजूत काढायला तो टाकीजवळ बसून बोलायला लागला. "या रे, या, असं काय करता? तीच येईल पुढच्या महिन्यात, तोवर मी आहे ना!" यावर काय होणार होतं ते झालं.

बायको फोनवर विचारायची, "डोकावे काय म्हणतात?"

"मजेत! नऊच्या नऊ!"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो ते आणखीनच मोठ्यानं बोलायचा. ती निवांत असली तर व्यायाम नीट करेल, एवढाच त्यात हेतू.

बाराव्या दिवशी त्यानं शेवटचा उपाय केला. बायकोची जांभळी शाल अंगावर घेतली, पदरासारखी डोक्यावरून ओढली, तिचं स्टूल टाकीसमोर मांडलं आणि हातात सुई आणि एक शर्ट घेऊन तिच्यासारखं खाली मान घालून बसला. त्या माशांना शाल काय आणि माणूस काय, पण बुडत्याला एवढं सुचलं हेच पुष्कळ. तेवढ्यात दार ढकलून शिंपी आला, राहिलेले शर्ट न्यायला. तो उंबऱ्यातच थांबला. जांभळ्या शालीतून वर आलेल्या मिशा बघून त्यानं चप्पल पुन्हा पायात सरकवली.

"वहिनींना बरं आहे ना?" त्यानं विचारलं.

"एकदम बरं!" शाल गरजली.

"आणि तुम्हाला?"

सोळाव्या दिवशी बायकोनं फोनवर नेहमीसारखं विचारलं, आणि पुढे एक प्रश्न जोडला. "तो पंपाखालच्या कोपऱ्यातला कसा आहे?"

"तो? मस्त! सगळ्यात आधी तोच बाहेर येतो!"

 मग ती म्हणाली, "पंपाखाली कुणी राहत नाही. तिथे दगड आहे."

भोंग्याची बोलती बंद झाली. असा प्रसंग आयुष्यात तीनदा-चारदाच आला असेल.

"किती दिवस उपाशी आहेत?"

"सोळा," तो म्हणाला. "अगं, मी सगळं केलं. तुझी शालसुद्धा घेतली."

"शाल कशाला?"

त्यानं सांगितलं. आधी ती हसेल असं त्याला वाटलं, पण तिच्या आवाजाला कंप सुटला होता. "दोन वर्षं रोज माझ्यासमोर उभे असतात हो ते. मला दुपारी दुसरं कोण आहे?" मग तिनं नाक ओढलं आणि शिवण शिकवणाऱ्या बाईंचा आवाज लावला. "माझी क्लिप कुठे आहे?"

"कुठली क्लिप?"

"नळीची. नारिंगी."

तेव्हा कुठे त्याला कळलं, की बाटलीत कालवलेला घास भरला आणि नळीवर ती क्लिप लावली, की थेंब थेंब खाणं दुपारभर प्रवाहात पडत राहतं. कुणाला उठावं लागत नाही, हात वर करावा लागत नाही, सावली हलत नाही. त्याच्या घरात, त्याच्या टाकीवर, हे यंत्र दोन वर्षं चालू होतं आणि पंपाचा खोकला ओळखणाऱ्या या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

"उद्या तीन वाजता मी फोन करीन," ती म्हणाली. "त्याआधी बाटली भरून ठेवा, स्टुलावर बसा, काज घ्यायला एखादा जुना शर्ट घ्या. हात थोडे हललेले चालतात त्यांना. बोलायचं नाही. तुमचं तोंड रिकामं राहिलं की सुटतं, म्हणून कानाला काम देऊ. मी बोलेन, तुम्ही ऐका. 'हं'सुद्धा म्हणायचं नाही. हो असेल तर फोनवर सुईनं एकदा टिक करा. कळलं?"

"कळलं!"

"टिक करायचं."

टिक.

दुसऱ्या दिवशी तीनला फोन वाजला. तिनं आधी काज कसं घ्यायचं ते सांगितलं. चीर किती, टाका किती जवळ, दोऱ्याची गाठ कडेला कशी बसवायची. मग मेहुणीच्या घरच्या पडद्यांचा रंग सांगितला, समोरच्या घरातल्या म्हातारीचं सांगितलं, व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी किती दुष्ट आहे ते सांगितलं. भोंगा ऐकत होता. दर वाक्याला त्याच्या घशाशी काहीतरी येत होतं, सल्ला, नाहीतर "अगं पण", नाहीतर स्वतःचा एखादा किस्सा, आणि तो ते गिळत होता. अर्ध्या तासात त्याला घाम फुटला. ईल काही आले नाहीत. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि त्याला चमत्कारिक वाटलं. बायको सलग इतकी बोलते, हे त्याला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गवताच्या कडेच्या भोकातून एक टोक वर आलं. बोटाच्या पेराएवढं. त्याला दोन काळे डोळे होते.  कानात बायको सांगत होती, "सगळ्यात आधी गवताकडची धाकटी येते. ती धीट आहे. ती आली की डावीकडचे दोघं येतात, ते शेजारी आहेत पण त्यांचं पटत नाही, एकाच घासावर दोघं वाकतात." धाकटी आणखी वर आली. एक थेंब प्रवाहात पडला, त्यातला एक कण तिच्यासमोरून गेला आणि तिनं तो टिपला. डावीकडचे दोघं खरंच आले. मग आणखी एक. भोंग्याच्या हातातली सुई थांबली होती.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा खाली गेला. "डॉक्टरांकडे तुम्ही म्हणालात ना, ही बोललीच नाही. दोन वर्षं दुखत होते हो गुडघे. पायऱ्या चढून आले की मी तिथं स्टुलावर बसायची आणि डोकाव्यांना सांगायची. आज जास्त दुखतंय म्हणून. वेड्यासारखं. सगळ्यात आधी त्यांनाच माहीत होतं."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस!"

तोंडातून निघून गेलं. पूर्ण आवाजात, मशीनच्या आवाजावरचा आवाज. त्यात राग नव्हता, नुसती माया होती, पण मायेला काय करायचं, काच थरथरली. चारही डोकी एकदम गेली. आणि फोनमध्येही सगळं गप्प झालं. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ताई हाक मारतेय," आणि फोन ठेवला. ताई म्हणजे कोण? बहीण तर धाकटी होती. नुसतं निमित्त होतं ते.

भोंगा वाळूतल्या भोकांकडे बघत बसला. त्याला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी तो आला की ही उठून स्वयंपाकघरात जायची. पाहुण्यांत बोलत असली आणि तो येऊन बसला की तिचं वाक्य अर्धंच राहायचं, आणि तो ते पुरं करायचा, आपल्या मनानं. गुडघे दुखत असल्याचं तिनं कधी सांगायला घेतलंही असेल. आठवायला गेला तर त्याला आपलाच आवाज आठवत होता. तीस वर्षं आपण दुसऱ्या मजल्यावर असतानाच ही बाई आत जात आलीये, असं त्याला वाटलं, आणि तो शालीत तोंड घालून रडला. रडतानाही आवाज निघू नये म्हणून शाल दातांत धरली.

दुसऱ्या दिवशी तो तीनला तयार होऊन बसला. बाटली भरलेली, क्लिप लावलेली, मांडीवर शर्ट. फोन आला नाही. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. शेवटी त्यानंच नंबर फिरवला.

"हॅलो?"

तो काही बोलला नाही.

"हॅलो? अहो?"

त्यानं फोन डावा कान आणि खांदा यांच्यात तसाच दाबून धरला. पंपाची घरघर त्या बाजूला पोचत असावी, कारण ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बसलात का?"

टिक.

 भोंग्यानं एक काज पूर्ण केलं, वाकडं. मग ती बोलायला लागली, आणि या वेळी पडद्यांचं बोलली नाही. पहिल्यांदा गुडघा कुठल्या पायरीवर अडला ते बोलली, एकतिसाव्या. भाजीची पिशवी कठड्याला टेकवून ती तिथं रडली होती, आणि मग डोळे पुसून वर आली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला इतकी भीती वाटली होती की तिनं कपाटात सगळ्या चाव्यांना चिठ्ठ्या बांधून ठेवल्या होत्या, तुम्हाला सापडाव्यात म्हणून. "तुम्ही वाईट नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही चांगले आहात. फक्त तुमचं माझ्याआधी सुरू होतं."

भोंग्याच्या मिशा ओल्या झाल्या. त्यानं त्या पुसल्या नाहीत, हात वर करावा लागला असता.

धाकटी आली. भांडखोर शेजारी आले. मागच्या रांगेतले तिघं आले, मग दगडाजवळचा, मग आणखी एक. वाळूतून ते हळूहळू लांब होत गेले, कॅलेंडरवर होते तसेच, फक्त हे हलत होते. सगळ्यांनी प्रवाहाकडे तोंड केलं आणि खायला लागले. त्यांचं अंग रोडावलेलं होतं पण ते खात होते. सगळ्यात शेवटी काचेलगतचा एक वर आला आणि त्यानं भोंग्याकडे बघितलं. भोंग्यानं डोळ्यांनी मोजले. मग फोनच्या पाठीवर सुईनं मोजून टकटक केली, सावकाश, एकामागून एक.

तिनं बोलणं थांबवून ऐकलं. "नऊ?" तिनं विचारलं.

टिक.

आता तीही रडत होती आणि हसत होती. चारही घोडे आपल्या गवतात लटकून हा सगळा प्रकार शांतपणे बघत होते.

सहा आठवडे भरल्यावर ती घरी आली. चोपन्न पायऱ्या एकेक करून चढली, हातात आधाराची काठी. भोंगा एक पायरी मागे, मोज्यांवर, काही न बोलता. एकतिसाव्या पायरीवर तो थांबला. ती पण थांबली. दोघांनीही त्याबद्दल काही म्हटलं नाही. वरच्या वळणावर तिनं मागे बघून विचारलं, "तुम्हाला बरं नाही का? गप्प का आहात?"

टाकीसमोर आता बुटकं स्टूल नव्हतं. गुडघ्यांना सोसतील अशा दोन उंच खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीच्या पाठीवर जांभळी शाल होती, घडी घातलेली. दुसऱ्या खुर्चीवर तो जुना शर्ट होता, सगळी काजं तिरकी. शिंप्यानं ती बघून हात टेकले होते, पण फाडून टाकायला भोंगा तयार नव्हता.

तिच्या काठीचा फरशीवर ठक् ठक् आवाज झाला आणि नऊच्या नऊ आत गेले. "बघा," ती हिरमुसली. "मला विसरले."

"थांब," भोंगा म्हणाला. ती चपापून त्याच्याकडे बघायला लागली. हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता, त्यानंही नव्हता. कुजबूज नव्हे, पण शेजारच्या खुर्चीपुरताच. "पाच मिनिटं. आधी धाकटी येईल."

दोघं बसले. क्लिप लावलेल्या नळीतून थेंब पडायला लागले. धाकटी आली. मग शेजारी आले. ती टाकीकडे बघत होती आणि तो तिच्याकडे. त्याच्या घशाशी पुष्कळ काही येऊन बसलं होतं, आणि तो ते तिथंच राहू देत होता.

मग तिनं टाकीवरची नजर काढली आणि मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"आज दुखतंय," ती म्हणाली. "जिन्यानं."

"किती?"

"बरंच."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. हात सावकाश नेऊन तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि ती आणखी काय सांगते त्याची वाट बघत राहिला. समोर नऊ जण उभे होते. एकही आत गेला नाही.